उशीर झाला, माफ कर

"काल कोणीही आत आलं नाही. साठ टक्के जागा रिकामी. सर्व ठीक."

रोज सकाळी सात वाजता बॅकअपकाकांना हा मेल येत असे. पाठवणारा होता त्यांचा सर्व्हर, म्हणजे कुठल्याशा कंपनीच्या कुठल्याशा इमारतीत भाड्याने घेतलेलं, काकांनी जन्मात न पाहिलेलं एक मशीन. मजकूर काकांनीच बारा वर्षांपूर्वी त्याला शिकवून ठेवला होता, त्यामुळे त्यात नवीन काही निघण्याची शक्यता नव्हती. तरी काका चहाचा कप हातात घेऊन तो शब्दन् शब्द वाचत. त्यांच्या तीन खोल्यांच्या घराबद्दल कोणी रोज अहवाल लिहिला असता, तर तोही अगदी असाच झाला असता. पण लिहिणार कोण?

काका विम्याच्या ऑफिसात संगणक विभाग सांभाळून निवृत्त झाले होते. प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत ठेवायची खोड म्हणून ऑफिसाने त्यांना बॅकअप हे नाव दिलं आणि नातेवाइकांनी ते आनंदाने उचललं. घरात आजही चष्मे दोन, छत्र्या दोन, दाराच्या किल्ल्या तीन होत्या. बायको तेवढी एकच होती, आणि ती तीन वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नव्हतं.

सर्व्हरवर काकांचा मेल चाले आणि त्यांचं एक गुपितही. नोकरीच्या धबडग्यात वाढदिवस विसरले जातात म्हणून त्यांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. त्यात एकसष्ट नातेवाइकांच्या तारखा होत्या. ज्याचा वाढदिवस असेल त्याला सकाळी सहाला काकांच्या नावाने प्रेमळ शुभेच्छा जात. "काका कधी म्हणून विसरत नाहीत हं!" असा साऱ्या गोतावळ्यात त्यांचा लौकिक होता. लोक उलट दोन ओळी लिहीत. आता निवृत्तीनंतर वेळ हवा तेवढा होता, पण हाताने काय लिहायचं ते काकांना सुचत नसे. बायको असताना बोलायचं काम तिच्याकडे होतं. ती गेल्यावर माणसांशी जोडलेला हा एवढाच धागा उरला होता, आणि तो मशीन कातत होतं, हे कोणाला कळलं असतं तर काकांना तोंड दाखवायला जागा उरली नसती.

एका बुधवारी कंपनीचा मेल आला की तुमच्या सर्व्हरची लिनक्स, म्हणजे मशीन चालवणारी मूळ प्रणाली, फार जुनी झाली आहे, महिनाअखेरीपर्यंत नवी आवृत्ती घ्या. दोन मार्ग होते. नवं मशीन घेऊन सगळं सामान तिकडे हलवायचं, किंवा आहे त्याच मशीनवर जागच्या जागी अपग्रेड करायचं, म्हणजे घरात राहून घराची फरशी बदलायची. जुन्या मशीनला सोडून जाणं काकांच्या जिवावर आलं. त्यांनी त्याच दिवशी साग्रसंगीत बॅकअप घेतला आणि गुरुवारी सकाळी दहाला अपग्रेड सुरू केलं.

मधूनमधून मशीन विचारत होतं, "या फाइलमध्ये तुम्ही बदल केलेले आहेत. तुमची जुनीच ठेवू, की नवी घेऊ?" काका प्रत्येक वेळी नीट वाचून "जुनीच" म्हणत होते. सहा वेळा म्हणाले. सातव्या वेळी फोन वाजला. आठवड्यात पहिल्यांदा वाजला होता, त्यामुळे काका तिरासारखे धावले.

"अभिनंदन!" पलीकडून एक बाई म्हणाली. "आपली निवड झाली आहे."

"कशासाठी?" काकांनी उत्सुकतेने विचारलं.

"अधिक माहितीसाठी एक दाबा."

आवाज ध्वनिमुद्रित होता. तरी काकांनी एक दाबलं, मग दोन दाबलं, आणि बाई आपणहून थांबेपर्यंत ऐकून घेतलं. परत येऊन तंद्रीत त्यांनी सर्व्हरलाही दोन दाबलं. दोन म्हणजे "नवी घ्या". आणि ती सातवी फाइल नेमकी दाराची होती, सर्व्हरमध्ये कोणाला कसं येऊ द्यायचं ते सांगणारी.

साडेअकराला मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं. काकांनी आत जायला पासवर्ड दिला. मशीन म्हणालं, प्रवेश नाही. दुसऱ्यांदा दिला, तिसऱ्यांदा दिला. नव्या फाइलच्या हिशेबाने नुसत्या पासवर्डवर खुद्द मालकालाही आत घ्यायचं नव्हतं. काकांनी आपला मेल उघडून पाहिला, तर तोही उघडेना. अपग्रेडमध्ये येणाऱ्या मेलची व्यवस्था कोलमडली होती. जाणाऱ्या मेलची मात्र ठणठणीत होती, आणि हे काकांना कळलं ते आतेभावाच्या फोनमुळे.

"अरे, तब्येत बरी आहे ना तुझी?"

"बरी आहे की. का रे?"

"नाही, माझ्या वाढदिवसाला तीनशे दोन दिवस उशीर झाला म्हणून माफी मागतोयस. आणि तीही तीनदा!"

काकांना घोटाळा उमगला. प्रोग्राम कोणाला शुभेच्छा दिल्या याची नोंद एका फोल्डरमध्ये ठेवायचा. बारा वर्षांपूर्वी काकांनी तो 'सध्यापुरता' म्हणून तात्पुरत्या फायलींच्या जागेत केला होता, आणि नव्या लिनक्सने सुरू होताहोताच ती जागा झाडून लख्ख केली होती. आता प्रोग्रामच्या मते वर्षभरात कोणालाच शुभेच्छा गेलेल्या नव्हत्या. अशा प्रसंगासाठी काकांनी एक खास वाक्य घालून ठेवलं होतं: "इतके दिवस उशीर झाला, माफ कर. आठवण मात्र रोज येते." वर्ष संपत आलेलं असल्यामुळे बावन्न जणांना ते गेलं. पाठवल्याची नोंद करावी, तर फोल्डरच नाही. म्हणून पंधरा मिनिटांनी मशीनने बावन्न जणांची पुन्हा माफी मागितली. आणि पुन्हा. काकांच्या नावाने असा शोक चालला होता आणि काका स्वतः दाराबाहेर उभे होते.

फोन खाली ठेवतात तोच पुतण्याचा आला. थोरल्या भावाचा हा मुलगा. भाऊ गेल्यापासून घरातल्या सगळ्यांची काळजी करण्याचं खातं त्याच्याकडे होतं.

"काका, मला चार मेल पाठवलेस तू? 'आठवण रोज येते' म्हणून?"

आता खरं सांगावं, तर बारा वर्षांचं बिंग फुटणार. काका घुटमळले. "हो," ते म्हणाले. "मनापासून पाठवले."

"आईलापण चार गेलेत. ती रडतेय."

"मग त्यांनाही मनापासूनच."

"काका, तू बसून राहा. कुठे जाऊ नकोस."

दहा मिनिटांत समोरच्या दारातले दंतवैद्य येऊन ठेपले. पुतण्याने त्यांना पिटाळलं होतं. सहा वर्षांच्या शेजारात ते पहिल्यांदाच काकांच्या खुर्चीत बसत होते.

"सहज आलो," दंतवैद्य म्हणाले. "बरं, आज वार कोणता हो?"

निवृत्त आणि एकट्या माणसाला वार कशाला लागतो? "सोमवार," काका एक डोळा घड्याळावर ठेवून म्हणाले. पाचव्या माफीला तीन मिनिटं उरली होती.

"अच्छा," दंतवैद्य हळुवारपणे म्हणाले आणि गॅलरीत जाऊन पुतण्याला फोन करू लागले. "शुद्धीत आहेत, पण वार हरवलाय."

काकांनी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. कंपनीच्या वेबसाइटवरून सर्व्हरमध्ये शिरायचं मागचं दार असतं, पण ते उघडायला कोड लागत होता.

"सर, कोड आपल्या मेलवर पाठवलाय," तिथली मुलगी म्हणाली.

"अहो ताई, माझा मेल त्याच सर्व्हरवर आहे, आणि तो बंद पडलाय!"

"मग मेल सुरू झाला की कोड बघा ना, सर."

"सुरू करायलाच तर कोड हवाय!"

"पर्यायी पत्ता दिला असेल ना?" ती कीबोर्डच्या कळा बडवत म्हणाली. "हो, आहे की. दुसऱ्या एका मेल कंपनीवरचा पत्ता आहे. मॅडमचा दिसतोय. पाठवू त्यावर?"

खातं उघडताना काकांनी पत्त्याचाही बॅकअप दिला होता. "पाठवा," ते म्हणाले.

बायकोचा टॅबलेट आतल्या खोलीत कपाटावर होता. तीन वर्षं काका तो रोज चार्ज करत होते, पण उघडला कधीच नव्हता. उघडल्याबरोबर कोड दिसला, आणि त्याखाली ओळीने पाच मेल. "दोनशे साठ दिवस उशीर झाला, माफ कर. आठवण मात्र रोज येते." यादीतून तिचं नाव काढायला काकांचा हात कधी धजावला नव्हता. त्याखाली गेल्या तीन वाढदिवसांच्या शुभेच्छा होत्या, न उघडलेल्या. त्याही खाली तिने पूर्वी कधीतरी दिलेलं एक उत्तर होतं: "मशीना, तुला धन्यवाद. तुझे मालक शेजारच्या खोलीत बसलेत, त्यांना उठवून चहा करायला सांग."

काका कॉटवर बसले. त्यांना रडू आलं, आणि रडतारडता हसू आलं. हे उत्तर त्यांनी पूर्वी वाचलंच नव्हतं. सर्व्हर चालतो आहे ना एवढंच ते तेव्हा बघत असत. सहावी माफी तिच्या त्या पडद्यावर येऊन पडली, तेव्हा ते डोळे पुसून उठले.

मागचं दार उघडलं. काकांनी आधी प्रोग्राम थांबवला, मग दाराची फाइल जुनी केली, मग मेल दुरुस्त करायला बसले. दंतवैद्य जाताना दोनदा वळून बघून गेले. चारच्या सुमाराला बेल वाजली. तीन तास बसमध्ये अंग आंबवून धाकटी बहीण दारात उभी होती, हातात कपड्यांची पिशवी घेऊन.

"दादा, काय झालंय तुला?" ती चपला न काढताच आत आली. "खरं सांग."

तिचा उतरलेला चेहरा बघून काकांना खोटं बोलवेना. "मला काही झालेलं नाही गं," ते मान खाली घालून म्हणाले. "मशीनला झालंय. ते मेल मी लिहीत नाही. आजचेही नाही आणि कधीचेच नाहीत. बारा वर्षं मशीनच पाठवतंय सगळ्यांना."

"ते माहितीये," बहीण पिशवी ठेवत म्हणाली.

"माहितीये?"

"सगळ्यांना माहितीये. दर वर्षी सहा म्हणजे सहाला येतो मेल. तू सातच्या आत कधी डोळे उघडलेस का? आणि वहिनींनी कधीच सांगितलं होतं आम्हाला."

"मग तुम्ही उत्तरं का द्यायचात?"

"अरे, मेल आला म्हणजे मशीनचं भाडं भरणारा जागेवर आहे, एवढं तरी कळायचं. तू फोन करणाऱ्यातला थोडाच आहेस? आणि आम्हीही मेल आला की निवांत व्हायचो, हे खरंय."

काकांना सकाळी सातचा अहवाल आठवला. सर्व ठीक.

"मग आज एवढी धावत का आलीस?"

"आज उशिरा आला ना!" बहीण म्हणाली. "शिवाय सहा वेळा. मशीन कधी चुकत नाही. म्हटलं, आज दादाने स्वतः लिहिलंय."

बहीण चार दिवस राहिली. दुसऱ्या दिवशीच्या अहवालात "काल एक जण आत आला होता" असं होतं. अर्थात ते काका स्वतःच होते, तरी त्यांनी ते बहिणीला वाचून दाखवलं. निघताना तिने तंबी दिली की पुढच्या शुभेच्छा हाताने लिहायच्या. पुढच्या मंगळवारी मेहुण्यांचा वाढदिवस होता. या जबाबदारीच्या धास्तीने काकांना पहाटे पाचलाच जाग आली. तासभर खपून त्यांनी चार ओळी लिहिल्या आणि ठोक्याला पाठवल्या. ठोका सहाचा होता. मेहुण्यांचं उत्तर आलं: "मशीन दुरुस्त झालेलं दिसतंय, अभिनंदन!"

काका दिवसभर खट्टू होते. महिनाभराने थोरल्या वहिनींचा वाढदिवस आला. आदल्या वर्षाचा गोंधळ मिटवून प्रोग्राम आता नीट करून ठेवलेला होता, पण काकांनी तो सुरू केला नाही. शुभेच्छा हाताने लिहिल्या, दोनदा वाचल्या आणि पाठवल्या नाहीत. एक दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणं उरकण्याची वेळ साधून त्यांनी त्या सोडल्या, वर एक ओळ घालून: "उशीर झाला, माफ करा." मग फोन जवळ ओढून बसले.

विसाव्या मिनिटाला तो वाजला.

"भाऊजी, बरे आहात ना?" वहिनींचा आवाज काळजीने भरला होता.

काकांनी खुर्चीत मांडी ठोकली. "तसा बरा आहे हो," ते म्हणाले. "तुम्हाला वेळ आहे ना?"