दुष्परिणाम न झाल्याबाबत

माझ्या वडिलांचे डोळे पिवळे झाले, तेव्हा गावातली पहिली प्रतिक्रिया अभिनंदनाची होती. पोंभुर्ण्याच्या बसथांब्याजवळच्या पानठेल्यावर रोज बैठक मारणाऱ्या मुखरूभाऊंनी त्यांना उन्हात उभं केलं, खालची पापणी बोटानं ओढून पाहिली आणि जमलेल्या लोकांना सांगितलं, "एक नंबर! असर म्हणजे असा पाह्यजे." बाबांनी नम्रपणे मान खाली घातली. गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं काढली, पण इतक्या लोकांनी एकाच वेळी त्यांच्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

या प्रकाराला जबाबदार कोण, याची चौकशी मी स्वतः केली. समितीत मी एकटाच असल्यामुळे निष्कर्ष एकमतानं निघाला. जबाबदार मीच.

मी कुलदीप खोब्रागडे, एम.ए. मराठी, द्वितीय श्रेणी. तलाठ्याच्या परीक्षेत दोनदा, वनरक्षकाच्या धावण्यात एकदा आणि मुली पाहण्याच्या कार्यक्रमांत सातत्यानं नापास झाल्यावर मी 'अरण्यतेज' नावाच्या कॅप्सूलची एजन्सी घेतली. एकवीस घटक, एक कॅप्सूल, रोज जेवणानंतर. त्यानं होतं काय, तर डब्यावर लिहिलं होतं 'सर्वांगीण'. त्याहून जास्त मलाही माहीत नव्हतं. पहिल्या तीन महिन्यांत सहा डबे खपले. त्यातले तीन आमच्याच घरात.

"लोकायचं बरोबर हाय," आई म्हणाली. "खाल्लं काय अन् नाई खाल्लं काय, काही समजतच नाई."

मग जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक तपासणी साहेब आले. त्यांनी डबा हातात घेतला, चष्मा लावला, चष्मा काढला, डबा लांब धरला.

"यावर इशारे आहेत ना?"

"आहेत सर. मुंगीच्या मापाचे."

"ते ग्राहकाला समजेल अशा भाषेत, दिसेल अशा आकारात, दुकानाच्या दर्शनी भागात लावा. आणि दुष्परिणामांचं रजिस्टर ठेवा. कोणाला, काय, कधी. सही-अंगठ्यासह."

साहेबांनी तपासणीसाठी दोन डबे नमुना म्हणून नेले. पंधरा दिवसांनी निरोप आला की नमुना संपला, अजून पाठवा.

मी भिंग घेऊन बसलो. इंग्रजीत सगळं कोरडं होतं. अमुक होण्याची शक्यता, तमुक आढळू शकते. पण माझं लिखाण आयुष्यात पहिल्यांदाच लोकांसमोर येणार होतं, आणि तेही सहा बाय चारच्या पत्र्यावर. मी सबंध दिवस मजकूर घासला. शेवटी डोमा पेंटरनं लाल अक्षरांत जो रंगवला, तो असा:

'सावधान! या कॅप्सूलनं तोंड लालेलाल होऊ शकते. कानशिलं तापू शकते. शौच कोळशावानी काळं होऊ शकते. अंगाले खाज सुटू शकते. डोळे पिवळे होऊ शकते. छातीत धडधड, पोटात गडगड होऊ शकते.'

मूळ इशाऱ्यात गडगड नव्हती. धडधड एकटी पडत होती म्हणून घातली.

डोमा शिडीवरून म्हणाला, "कुलदीपभाऊ, जागा एकाच ओळीची उरली. 'यापैकी काही झालं तं कॅप्सूल बंद करा अन् डॉक्टरकडे जा,' हे टाकू, का तुह्यं नाव टाकू?"

मी गंभीरपणे विचार केला. दोन सेकंद तरी नक्कीच केला. 'शब्दांकन: कुलदीप दे. खोब्रागडे, एम.ए.' ही ओळ पिवळ्या रंगात फार उठून दिसली.

मला वाटलं होतं, बोर्ड वाचून उरलेलं गिऱ्हाईकही पळेल. संध्याकाळी दुकानासमोर वीस-पंचवीस माणसं उभी होती. मुखरूभाऊ मोठ्यानं वाचत होते, आणि ज्यांना वाचता येत होतं तेही ऐकत होते.

"एवढं सारं एका गोळीत?" मुखरूभाऊंनी विचारलं.

"होऊ शकते, भाऊ. इशारा हाय तो."

"मंग इतके दिवस लपवून काऊन ठेवलं होतं बे?"

आमच्याकडे औषध पारखण्याची रीत पक्की आहे. सुई दुखली नाही तर डॉक्टर कच्चा. बाटलीतलं औषध कडू लागलं नाही तर कंपाउंडरनं पाणी घातलं. 'सर्वांगीण' हा शब्द कोणाला कुठे लागतो? पण कोळशावानी शौच म्हणजे माणसाला आपल्या डोळ्यांनी पाहता येईल असा पुरावा. आठ दिवसांत चाळीस डबे गेले.

नवव्या दिवशी इंदुताई आल्या. त्या बचत गटाच्या अध्यक्ष. हातात डबा, डबा अर्धा रिकामा.

"कुलदीप, परवाच्या लग्नात त्या रंभाचं तोंड टमाट्यावानी लाल झालं होतं. नवरी सोडून लोक तिलेच पाहून राह्यले होते. माह्यं काऊन नाई झालं?"

"ताई, सगळ्यायलेच होते असं नाई."

"बोर्डावर तसं लिवलं हाय काय?"

"'होऊ शकते' असं लिहिलं हाय."

"मंग मले काऊन होऊ शकत नाई? मी काय रंभापेक्षा कमी हाव?"

मी त्यांचा डबा उलटसुलट करून पाहिला. त्यांच्यामागे अजून अकरा जण उभे होते. कोणाची कानशिलं थंड होती, कोणाच्या पोटात साधी गडगड नव्हती. एकानं तर सकाळचं वर्णन इतकं बारकाईनं केलं की शेजारच्या नाश्त्याच्या हॉटेलवाल्यानं कढई झाकली. सगळ्यांना वाटत होतं की चांगला माल मी ओळखीच्यांना देतो आणि यांना उरलेला.

नियमाप्रमाणे मी रजिस्टर उघडलं. पण त्यात झालेल्या दुष्परिणामाचा रकाना होता, न झालेल्याचा नव्हता. साहेबांना फोन लावला.

"तक्रार आहे ना?" साहेब म्हणाले. "मग नोंदवा. 'प्रकार' या रकान्यात 'झाला नाही' लिहा आणि कंपनीला पत्र टाका. पाठपुरावा कागदावर दिसला पाहिजे."

पत्र मी मन लावून लिहिलं. 'विषय: दुष्परिणाम न झाल्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपल्या उत्पादनावर नमूद केलेल्या दुष्परिणामांपैकी एकही दुष्परिणाम ग्राहकांना विहित मुदतीत प्राप्त न झाल्याने त्यांच्यात तीव्र नाराजी आहे. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.'

चौथ्या दिवशी कंपनीच्या पोराचा फोन आला. "सर, लेटर मिला. बहोत अच्छा लिखा है."

मी विरघळलो. वाङ्मयाची जाण असलेला माणूस इतक्या लांबून बोलत होता.

"तो आप उनको बोलो, दो-दो लें."

"पर डिब्बे पे तो एक लिखा है."

"वो तो सेफ्टी के लिए लिखा है, सर."

मी ते लोकांना फक्त तोंडी सांगितलं. लेखी देण्याइतका मी बेजबाबदार नव्हतो.

दोन-दोननं काम केलं. लालेलाल तोंडं वाढली, खाजवणारे वाढले. गावात प्रतिष्ठेची नवी मोजणी सुरू झाली. दोन दुष्परिणामवाला पानठेल्यावर बाकावर बसे, एकवाला उभा राही. आणि ज्यांना काहीच नव्हतं, त्यांच्यात माझे बाबा होते.

बाबांना बीपी आहे. पाच वर्षं ते सरकारी दवाखान्यातली फुकटची गोळी न चुकता घेत होते. ती गोळी निमूटपणे आपलं काम करी, त्यामुळे तिच्याबद्दल घरात कोणाला आदर नव्हता. शिवाय घरातली म्हणून एक अरण्यतेज. पानठेल्यावर त्यांना रोज ऐकावं लागे, "देवरावभाऊ, पोराचं दुकान, अन् बापाले साधी खाज नाई? घरच्याच माणसाले लागू पडत नाई तं आमी काय समजावं?"

एक दिवस दुपारी जेवताना त्यांनी विचारलं, "कुलदीप, मले काही होत काऊन नाई बे?"

"चांगलंच हाय ना बाबा."

"मले चांगलं हाय. तुह्या दुकानाले चांगलं नाई."

एवढं बोलून ते भात कालवू लागले. मी पण जेवलो. त्या वाक्यापाशी थांबायला हवं होतं, पण माझ्या डोक्यात दुसऱ्या बोर्डाचा मजकूर घोळत होता.

बाबांनी दोन सुरू केल्या, मग चार. बीपीची गोळी बंद केली, कारण तिच्यामुळे असर दबून राहत असेल असं त्यांनी मनाशी ठरवलं. तीन आठवड्यांत त्यांचं जेवण अर्ध्यावर आलं. मी आईला म्हणालो, उन्हानं होत असेल. चौथ्या आठवड्यात बोर्डावरचं बाकी सगळं होऊन शेवटी डोळेही पिवळे झाले आणि मुखरूभाऊंनी पापणी ओढली.

सत्कार रविवारी सकाळी, समाजमंदिरात. डोमानं बॅनर फुकट रंगवला: 'पंचक्रोशीतील पहिले संपूर्ण दुष्परिणामधारक श्री. देवराव खोब्रागडे यांचा भव्य सत्कार'. 'संपूर्ण' आणि 'पंचक्रोशी' दोन्ही शब्द शुद्ध लिहिले होते, हे मी आधी तपासलं. बाबांकडे त्यानंतर पाहिलं. ते खुर्चीत बसून शालीच्या आतून दंड खाजवत होते. उत्तराच्या भाषणासाठी नाव पुकारलं, तेव्हा ते उठले आणि परत बसले. पुन्हा उठायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तोवर अशक्तपणा यादीत नव्हता, त्यामुळे हा नवीनच दुष्परिणाम समजला गेला.

आई पुढे आली. तिनं बाबांचा हात धरला, नखं पाहिली, आणि मला म्हणाली, "गाडी बोलाव."

"वहिनी, आता काऊन नेता?" मुखरूभाऊ मधे आले. "आत्ता तं लागू पडून राह्यलं!"

"तुमाले पाह्यजे तं चार-चार खा अन् सारं गाव पिवळं करा. माह्या नवऱ्याले गाडीत बसू द्या."

चंद्रपूरच्या दवाखान्यात दिव्यानी सिस्टरनं केसपेपर भरला. "बाबाजी, कोणती औषधं चालू आहेत?"

"बीपीची होती. बंद केली."

"दुसरं काही घेता?"

"काही नाई जी."

सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं. "घरचे सांगा. काही घेतात?"

मी भिंतीवरचं क्षयरोगाचं पोस्टर वाचू लागलो. मजकूर सुमार होता. "काही नाही," मी म्हणालो. आई तेव्हा बाहेर चिठ्ठीच्या रांगेत होती.

मग तीन दिवस व्यवस्थेनं आपलं काम चोख केलं. काविळीच्या सगळ्या तपासण्या झाल्या आणि एकीतही कारण सापडलं नाही. कारण सापडत नाही म्हणजे पाणीच दूषित, म्हणून आमच्या गावच्या चार विहिरींत ब्लीचिंग पावडर पडली. नाश्त्याच्या हॉटेलला ताकीद मिळाली. बाबांचे आकडे रोज वर जात राहिले. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "उद्या नागपूरला हलवावं लागेल. लिव्हर साथ देत नाहीये." बाबा झोपेत काहीतरी असंबद्ध बोलत होते. त्यात माझ्या दुकानाचं नाव आलं.

कॅप्सूलबद्दल आम्ही काहीच सांगितलं नाही, हे आईला डॉक्टरांच्या बोलण्यातून तेव्हाच कळलं. तिनं मला खिडकीपाशी नेलं. आवाज चढवला नाही. "तू सांगतं, का मी सांगू?"

मी पिशवीतून डबा काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी मोबाइलच्या उजेडात तळापर्यंत वाचला.

"रोज किती?"

"चार."

"हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?"

"विचारलं नाही, सर."

दिव्यानी सिस्टरनं केसपेपर माझ्याकडे फिरवला. विचारलं होतं, आणि दोनदा. दोन्ही उत्तरं तिच्या स्वच्छ अक्षरात होती.

दुपारी जाग आल्यावर बाबांनी डबा पाहिला आणि माझी बाजू घेतली. "पोराची चूक नाई जी, डॉक्टरसाहेब. ते औषध थोडीच हाय? ते तं ताकदीचं हाय."

कॅप्सूल सुटल्या. आकडे आधी थांबले, मग जसे चढले होते तसेच, पण फार हळू, उतरू लागले. नागपूर टळलं. डोळे पुन्हा पांढरे व्हायला सात आठवडे लागले. मुखरूभाऊ घरी येऊन पाहून गेले. "सारा असर उतरला," ते हळहळले. "एवढा चढला होता." बाबा आता भात पुरता खातात, बीपीची गोळी घेतात आणि पानठेल्यावर उभे राहतात.

शेवटच्या तपासणीला मी त्यांना घेऊन गेलो. नंबर येईपर्यंत सिस्टरनं माझंही बीपी मोजलं. थोडं जास्त निघालं. तिनं नवा केसपेपर घेतला.

"वय?"

"एकोणतीस."

"रोज काही घेता?"

"नाही."

केसांसाठी ती एक छोटी गुलाबी गोळी असते, तेवढीच. आणि झोपेसाठी पाण्यात टाकायचं ते चूर्ण. पण ती काही औषधं नाहीत.

तुम्ही मान हलवताय ते दिसतंय मला. हलवा. फक्त तुमच्या जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीशेजारी उभ्या असलेल्या त्या डब्याबद्दल मागच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा तुम्ही काय सांगितलं? तेच सांगितलं. आणि त्यांनी ते लिहून घेतलं.