धक्क्यावरची हसणारी बाई

सासूबाईंना सिनेमाला न्यायचं मी ठरवलं आणि तिथेच माझं गलबत फुटलं.

मांदाआई, म्हणजे माझ्या सासूबाई, सिनेमाला पाप मानत. (मला त्याहून मोठं.) पण हॉलिवुडवाल्यांनी आमच्या सान पेद्रो बंदरात जुन्या गलबतांचा तो साहसपट काढला, तेव्हा धक्क्यावरच्या गर्दीत त्यांची लेक, म्हणजे माझी बायको पेरिना, उभी होती. गलबत निघताना रडत हात हलवायचा, एवढंच काम. सिनेमा लागायच्या आत पेरिना न्यूमोनियानं गेली. घरात तिचा एकच फोटो, लग्नातला. त्यात तिनं नेमके डोळे मिटलेले.

"सिनेमात ती हलते ना रे?" सासूबाईंनी विचारलं.

"हलते, आई."

"मग चल."

शनिवारी दुपारी काळा रुमाल बांधून त्या चर्चमध्ये बसावं तशा थिएटरात बसल्या. पडद्यावर दोर सुटले, धक्का दिसू लागला, आणि पुढचा लठ्ठ गृहस्थ हॅटसकट उभा राहिला.

"ए भोपळ्या, खाली बस! माझी पोरगी आहे तिथे!"

भोपळा वळला. मी मध्ये पडलो (मध्ये पडणं हा माझा जुना धंदा), माझ्या हातातलं लेमोनेड त्याच्या शर्टावर पडलं आणि दारवानानं सासूबाईंना नि मला रस्त्यावर काढलं. गलबत एव्हाना भर समुद्रात पोचलं असणार.

पेरिनाच्या मयतीला न रडलेल्या सासूबाई फूटपाथवर ढसाढसा रडल्या. मी दारवानाला सगळं सांगितलं. तो खाली बघत म्हणाला, "पुढच्या खेळाला मागच्या दारानं या. उभं राहावं लागेल."

उभे राहिलो. आणि ती दिसली. जेमतेम एक श्वासभर. बाकीच्या बाया डोळ्यांना रुमाल लावून रडत होत्या. पेरिना पोट धरून हसत होती.

"अगंबाई! ही का हसतेय?"

"मला बघून," मी डोळे पुसत म्हणालो. "गलबतावरच्या खलाशांत मी होतो. दोर सुटायच्या आधीच मला बोट लागली. कठड्यावर ओणवा होऊन ओकत होतो."

सासूबाईंनी अंधारात माझा हात घट्ट धरला. लग्नानंतर पहिल्यांदाच. मला भरून आलं.

"निको," त्या हळूच म्हणाल्या, "जन्मात एक तरी काम वेळेवर केलंस रे. ओकलास."