फुटक्या पॅनेलची पाठवणी

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि अशी कल्पना करा, की तुमच्या अंगणात एक फुटकी काळी काच पडली आहे, आणि तिला ऊन लागलं की तिच्यातून वीज निघते. जाल तुम्ही तिच्याजवळ?

१९८३ साली, सातासमुद्रापारच्या एका बेटावरच्या सुरिनाम नावाच्या गावात नऊ वर्षांची निर्मला गेली नव्हती. किनाऱ्यावरच्या सरकारी चौकीचं सौर पॅनेल सिक्लोनमध्ये, म्हणजे वादळात, फुटलं. साहेबानं ते चौकीदाराच्या, म्हणजे तिच्या बापाच्या, बलरामच्या अंगणात आणून ठेवलं. "कुठंतरी टाकून दे. ऊन लागलं की वीज निघते, सांभाळ," एवढं सांगून साहेब गेला.

कचऱ्याच्या लॉरीवाल्यानं हात झटकले. "काच? तारा? मो पा प्रां! मी नाय घेणार."

"मग पुरूया," कृष्णदेवमामा म्हणाला. "उसापलीकडच्या खड्ड्यात. पण ऊन लागता कामा नये."

आईनं पांढरी चादर दिली. पॅनेल गुंडाळलं, सुतळीनं बांधलं, दोघांनी खांद्यावर घेतलं. भीतीनं पाऊल उचलवत नव्हतं. निर्मला रडत मागून निघाली. आज आपला बा मरणार, याची तिला खात्रीच होती.

पांढरं कापड, दोन खांदे, रडणारी पोर! दुकानदार चंद्रमोहननं फळ्या लावल्या आणि टोपी काढून मागं चालू लागला. वळणापर्यंत तीस माणसं जमली.

"कोण रं गेलं?" चंद्रमोहननं विचारलं.

"सरकारी हाय," मामा पुटपुटला.

"कशानं?"

"सिक्लोन."

"अरेरे! घरचं कुणी नाय आलं?"

"साहेब आलता. टाकून गेला."

लोक हळहळले. बलराम खाली मान घालून चालत राहिला.

तेवढ्यात म्हातारी भगवतीमावशी छत्री सावरत पुढं आली. "थांबा रं! शेवटचं तोंड तरी बघू द्या."

"नको मावशी! हात लावशील तर मरशील!" बलराम ओरडला.

"ह्या वयात मला काय भ्या घालतोस?" तिनं चादर ओढली, वाकून काळ्या काचेत पाहिलं आणि किंचाळली, "आयो! ह्यो तर मीच!"

छत्री एकीकडं, मावशी दुसरीकडं. तीसच्या तीस माणसं उसात घुसली, मामा सगळ्यांच्या पुढं. पॅनेल रस्त्यावर पडलं, भर उन्हात, उघडं. त्याची एक तार बलरामच्या पायाला गुंडाळली गेली होती. तो हलेना, श्वासही घेईना.

निर्मला पुढं आली. तिनं मावशीची छत्री उचलली, उघडली, पॅनेलवर धरली आणि म्हणाली, "बा, सावली केलीय. आता हळूच पाय काढ."