जुनी रंगशाळा वाढविली त्याची हकिकत

श्री रंगदेवता समर्थ. तिचे कृपेने जे घडले ते लिहिले आहे, अधिक-उणे वाचणाराने पोटात घालावे. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सरी, एका राज्यात जुनी रंगशाळा होती. तिचे अधिकारी नीळोपंत, मोठे नट, गळा खणखणीत. तेथील दंडक ऐसा की, खेळाआधी पंतांनी ध्वनियंत्राविना नांदी म्हणावी, आणि तिचा शेवटचा चरण कानी येताच मागील दारीचा द्वारपाल सुभानजी याने "पावली!", म्हणजे पोहोचली, ऐशी हाक द्यावी, मगच पडदा उघडावा. हाक नाही तर खेळ नाही. पिढ्यानुपिढ्या ऐसेच चालत आले.

मग लोक फार जाहले, आणि निम्मे रसिक बाहेर उन्हात तिष्ठू लागले, हे पंतांस पाहवेना. सबब त्यांनी आपण होऊन सरकारात अर्ज केला की शाळा वाढवावी. सरकार प्रसन्न जाहले, आणि सल्लागार नेमिले, आणि सल्लागारांस सल्ला देणारे नेमिले, आणि मग मागील भिंत पाडोन दालन दुप्पट लांब केले, आणि लाकडी छत काढोन पांढरे छत बसविले, आणि थंड हवेची यंत्रे घातली ती अखंड घुमत राहिली. भिंत पडते समयी सुभानजी बोलिला, "पंत, आवाज पोचंल का हो इतक्या लांब?" पंत हसोन बोलिले, "सुभान्या, गळा माझा आणि घोर तुला?"

विजयादशमीस उद्घाटन जाहले. खुद्द सरकार पहिले रांगेत बसले आणि पंतांनी नांदी मांडिली. जुने दालन आवाज झेलोन परत देत असे, हे नवे गिळू लागले. पंतांनी जोर केला, गळ्याच्या शिरा फुगल्या, तरी मधल्या रांगांत माणसे कानामागे हात धरोन पुढे वाकली. आवाज पोहोचत नाही, हे पंतांस उमगले. अर्ज आपला, हौस आपली. आपलेच दात नि आपलेच ओठ, बोल कोणास लावावा? तिसरा चरण सरला, चौथा, शेवटचा, बाकी राहिला, आणि दम लागला म्हणोन पंत क्षणभर थांबले. तोच मागील दारातून हाक आली, "पावली!"

लोकांनी टाळ्या पिटिल्या आणि पडदा उघडला. पंत विंगेत आले आणि राहिलेला चरण आपल्याशीच म्हणोन खाली बसले. खेळ सरल्यावर सुभानजी आला आणि जमिनीकडे पाहात बोलिला, "झकास झाली नांदी, पंत."

"ऐकलीस ना रे?"

"ऐकली की. पार शेवटपर्यंत."

पंतांस रडू कोसळले, ते त्यांनी आवरिले नाही.

येणेप्रमाणे रंगशाळा वाढली, बाहेर कोणी तिष्ठत नाही, राज्याची कीर्ती जाहली. दुसरे दिवशी पंतांनी हुकूम काढिला की यापुढे नांदी ध्वनियंत्रावर वाजवावी आणि पावलीची हाक बंद करावी, म्हणजे सुभानजीस पुन्हा खोटे बोलणे नको. घडले ते इतकेच.