एक संथ माणूस पाहिजे

नळजोडणी कार्यालयाचा वेग वाढल्याचे प्रत्येक कर्मचाऱ्याने इंग्रजीतून कळवावे, असा आदेश वरून आला. आपल्या भाषेत कळवलेला वेग वरिष्ठांना जाणवत नसे. म्हणून शिकवायला एक बाई आल्या. त्यांनी फळ्यावर ‘फास्टर’, ‘क्विकर’, ‘स्लोअर’ असे शब्द लिहिले.

“नुसतं ‘मी फास्टर’ म्हणून भागत नाही,” बाई म्हणाल्या. “कुणापेक्षा, तेही सांगायचं. आधी ‘दॅन’, मग माणूस.”

सगळ्यांच्या नजरा येणारे अर्ज घेणाऱ्या आवक कारकुनाकडे वळल्या. बिचारा शिक्का मारण्यापूर्वी अर्ज वाचत असे. संध्याकाळपर्यंत सगळ्यांची वाक्ये तयार झाली आणि प्रत्येकात ‘दॅन’पुढे तोच होता. त्याने स्वतः ‘कालच्या माझ्यापेक्षा फास्टर’ असे लिहिले. बाईंनी ते बरोबर ठरवले, पण साहेबांनी फेटाळले. ‘कालचा मी’ नावाचा कर्मचारी आस्थापनेवर नव्हता.

कारकुनाची बायको दुसऱ्या गावी परिचारिका होती. लग्न झाल्यापासून त्यांचा संसार फोनवरच चालला होता, आणि तिच्या गावी बदली फक्त वेगवान माणसालाच मिळणार होती. दुसऱ्या दिवशी त्याने वाचणे सोडले आणि धडाधड शिक्के मारले. दुपारीच टेबल मोकळे झाले.

साहेबांनी बोलावून घेतले. “अहो, काय चालवलंय हे? सगळं ऑफिस खोटं पडलं ना!”

“साहेब, बदलीसाठी वेग लागतो म्हणून...”

“तुम्ही वेगवान झालात, तर आम्ही कुणापेक्षा व्हायचं?”

विनापरवानगी वेग घेतल्याबद्दल त्याला ताकीद मिळाली. सहकाऱ्यांनी मोठ्या मायेने त्याचा शिक्का लपवला. टेबलावर ‘संथ (अधिकृत)’ अशी पाटी लागली. हे पद एकमेव असल्याने बदली अशक्य, असा शेराही त्याच्या बदलीच्या अर्जावर पडला.

“अहो, मग तुमच्याहून संथ कुणीतरी शोधा की!” बायको फोनवर म्हणाली. “किती दिवस असं एकेकट्यानं जेवायचं?”

त्याने खिडकीबाहेर पाहिले. अर्जदारांची रांग सकाळी होती तिथेच होती. तो तडक साहेबांच्या खोलीत गेला.

“साहेब, ही माणसं बघा. एक पाऊल हलत नाहीत.”

साहेबांचे डोळे भरून आले. त्याच दिवशी सर्व वाक्यांत दुरुस्ती झाली, ‘दॅन’पुढे रांग आली आणि बदलीही मंजूर झाली. रांग हलून वाक्ये पुन्हा खोटी पडू नयेत, म्हणून खिडकी तेवढी बंद करण्यात आली. आपण हे काय करून बसलो, असे कारकुनाला क्षणभर वाटले. पण सामान बांधायचे होते.

नव्या गावी बायकोने दारातच त्याचा हात धरला. त्याला भरून आले. घर छान होते, फक्त नळ नव्हता. रुजू व्हायला अजून एक दिवस होता, म्हणून इतरांसारखाच अर्ज घेऊन तो तिथल्या नळजोडणी कार्यालयात रांगेत उभा राहिला. खिडकी बंद होती आणि आतून एका बाईंचा ओळखीचा आवाज येत होता, “आधी ‘दॅन’, मग माणूस.” काचेआडून सगळा वर्ग त्याच्याकडे बघत होता.

तोही त्यांच्याकडे बघत राहिला. तेवढ्यात पुढचा माणूस कंटाळून निघून गेला आणि वीतभर जागा झाली, तरी तो सरकला नाही. त्याच्या मागे तुम्हीच उभे होता. “काय संथ माणूस आहे!” तुम्ही पुटपुटलात, आणि तुम्हाला जरा बरे वाटले.