सुदाम्याचं घर बांधलं कुणी?

या, असे जवळ सरका! त्या एसीच्या घरघरीखाली नको, तिथं काही ऐकू यायचं नाही. आमच्या इथल्या, मस्कतमधल्या दार्सैतच्या एकनाथरावांची गोष्ट सांगतो. मध्येच हसू आलं तर खुशाल हसा. देव रागवायचा नाही, तोच आधी हसलेला असतो!

एकनाथराव मूळचे गुहागरचे. मस्कतमध्ये एका कंपनीत एसीच्या डक्टचे सुपरवायझर. आणि कीर्तनाचं वेड असं, की चिपळ्यांचा आवाज कानावर आला तर माणूस लिफ्टमध्येही डोलायला लागेल! एका शुक्रवारी सकाळी त्यांनी छाती फुगवून बायकोला सांगितलं,

"कलावती, आज बघच तू! पोरीच्या डोक्यातलं आर्किटेक्चर संध्याकाळपर्यंत उतरवतो. आणि तेही आवाज न चढवता!"

अश्लेषा बारावी झालेली. तिला घरं बांधायची होती. मुंबईचं खासगी कॉलेज, पाच वर्षांचा कोर्स, आणि एनआरआयची पोर म्हणून फी अशी, की ऐकणाऱ्याला बसायला खुर्ची द्यावी! म्हणजे शैक्षणिक कर्ज आलंच. वरच्या मजल्यावरचा कॉनराड, वसईचा, कंपनीत अकाउंट्स बघणारा. त्यानं हिशेब करून दिला होता.

"एकनाथ, नवीन आर्किटेक्टचा पगार म्हणजे सुरुवातीला नुसती गंमत रे बाबा! हप्ता गेला की पोरीच्या हातात बसचा पास उरेल."

शिवाय पुढच्या गणपतीला नवरा-बायको कायमचे गुहागरला परतणार होते. कर्जावर सही केली की ते खलास! त्यामुळे एका बाजूला पोरीचं स्वप्न, दुसऱ्या बाजूला आईबापाचं अंगण, आणि मधे एकनाथराव.

पोरीला समोर बसवून 'नाही' म्हणायची या माणसाची छाती नव्हती. म्हणून त्यांनी युक्ती काढली. रत्नागिरीचे घैसासबुवा मुलाकडे मस्कतला आले होते. त्यांचं कीर्तन त्या दिवशी एकनाथरावांच्याच हॉलमध्ये होतं. चहाचा कप हातात देताना एकनाथरावांनी त्यांना गाठलं.

"बुवा, पूर्वरंगाला कर्जाचा विषय घ्या. अगदी झोडपून काढा! आणि आख्यान सुदाम्याचं लावा. गरीब, पण कुणाचं एका पैशाचं देणं नाही!"

बुवांनी कपावरून त्यांच्याकडे पाहिलं. "सुदामा? नक्की?"

"नक्की, बुवा!"

"बघा हं," बुवा म्हणाले आणि चहा पिऊ लागले.

संध्याकाळी हॉल गच्च भरला. दाराबाहेर चपला अशा, की शेजाऱ्याला वाटावं लग्नच आहे! पूर्वरंग काय रंगला म्हणता! "मंडळी, कर्ज हा असा पाहुणा, जो तुमच्याच ताटात जेवतो आणि वर तुम्हालाच वाढायला लावतो!" अश्लेषाची मान खाली गेली. कॉनराडनं लांबून अंगठा दाखवला. मध्यंतरात सगळ्यांना बुक्का लावला, बुवांच्या गळ्यात हार पडला. तेवढ्यात अश्लेषा स्वयंपाकघरात जाऊन आईच्या कानाशी काहीतरी बोलली, आणि कलावतीबाईंनी पदरानं डोळे पुसले. एकनाथरावांनी ते पाहिलं. जिंकलो!

आणि जिंकलेल्या माणसानं डोळे मिटले.

उत्तररंग सुरू झाला. बुवांचा आवाज, पेटीचा मंद सूर. सुदामा द्वारकेहून रिकाम्या हातानं परतला. झोपडी जागेवर नाही! तिथं सोन्याचं घर! बुवा त्या घरात शिरले आणि बाहेर यायलाच तयार होईनात. खांब झाले, कमानी झाल्या, सज्जे झाले. एकनाथरावांच्या हॉलच्या भिंती हळूहळू विरघळल्या. ट्यूबलाइटचा चंद्र झाला. सोफा तरंगू लागला. चारी दिशांनी गार वारा येत होता, आणि डक्ट कुठेच नाही! एकनाथरावांनी सवयीनं छताकडे पाहिलं. एक जाळीसुद्धा नाही! मग हा वारा आणला कुणी? वर सज्ज्यात एक मुलगी उभी होती. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. ती साक्षात विश्वकर्म्याला सांगत होती, "अंकल, ही खिडकी इथं नको, तिकडे घ्या." आणि विश्वकर्मा मान डोलवत म्हणत होता, "यल्ला, मॅडम, लगेच घेतो!"

"आणि मग सुदामा विचारतो," बुवांनी वरचा सूर लावला, "हे घर बांधलं कुणी?"

एकनाथराव ताडकन उभे राहिले. "आमच्या अश्लेषानं!"

पेटी मध्येच थांबली. मग असा हशा उठला, की वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं! पण बुवा मुरलेले. त्यांनी गळ्यातला हार काढला आणि सरळ अश्लेषाच्या गळ्यात घातला.

"मंडळी, ऐकलंत? बापानं भगवंतासमोर शब्द दिलाय!"

"दिला, बुवा!" एकनाथरावांचे डोळे वाहत होते. "कर्ज काढतो! आत्ता काढतो!"

"एकनाथ, अरे हिशेब!" मागून कॉनराड ओरडला.

आरती झाली, प्रसाद झाला, आणि स्वयंपाकघरात कलावतीबाईंनी नवऱ्याला गाठलं.

"अहो, मध्यंतरात ती मला काय म्हणाली ठाऊक आहे? 'आई, आर्किटेक्चर कॅन्सल. बाबांना टेन्शन नको.' मी आनंदानं रडले! आणि तुम्ही? सगळं मिटलेलं असताना उभे राहिलात!"

एकनाथराव भिंतीला टेकले. दारात अश्लेषा उभी होती, गळ्यात हार तसाच.

"बाबा, मी नक्की कुणाचं ऐकायचं? फर्स्ट हाफचं की सेकंड हाफचं?"

एकनाथरावांनी तोंड उघडलं. पूर्वरंगातलं एकेक वाक्य त्यांना पाठ होतं. पण समोर तोच चेहरा होता, सज्ज्यातला.

"तू खरंच सोडणार होतीस?"

"आय डिड द मॅथ, बाबा. इट्स टू मच." मग अडखळत, "पण मला... मला दुसरं काही येत नाही आवडायला."

"मग सेकंड हाफ," एकनाथराव म्हणाले. "पगार कमी तर कमी. तू कमवायला लागेपर्यंत हप्ते माझे."

कॉनराड प्रसादाची वाटी बाजूला ठेवून पुन्हा आकडे मांडायला बसला. "सरकारी कॉलेज मिळव, पोरी. लोन निम्म्यावर येईल. पण तू, एकनाथ, तू आता गुहागरला जात नाहीस!"

"इन्शाल्ला!" एकनाथराव म्हणाले. कीर्तनाच्या तंद्रीतून ते अजून पुरते उतरले नव्हते.

अश्लेषाला सरकारी कॉलेज मिळालं. आता ती पुठ्ठ्याची घरं करते आणि फोटो पाठवते. एकनाथराव ते फोटो साइटवरच्या सगळ्यांना दाखवत फिरतात. आणि कलावतीवहिनी? भर जूनमध्ये, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, दार्सैतचा चढ चढताना परवा मला भेटल्या. मी म्हटलं, "वहिनी, कशा आहात?" पिशव्या खाली ठेवून त्या म्हणाल्या,

"त्या सुदाम्याच्या बायकोला निदान घर तरी मिळालं हो!"

तेव्हा मंडळी, देवापुढे हात जोडाल तेव्हा आमच्या कलावतीवहिनींची तेवढी आठवण ठेवा. एकनाथरावांची नको. ते तंद्रीत आहेत!