पडदेवाल्यांनी फोनला सांगितलेली होडी

आपल्याला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं पडदेवाल्यांचं स्वतःबद्दल स्पष्ट मत होतं. दुकानाची पायरी चढणाऱ्या गिऱ्हाइकाकडे एकदा बघून ते सांगायचे, याला पडदा उन्हासाठी हवाय की समोरच्या गॅलरीतल्या शेजाऱ्यांसाठी. आणि माप! माप ते दुसऱ्याच्या हातचं घेतच नसत. गिऱ्हाइकानं कागदावर आकडे लिहून आणले, तर तो कागद ते न उघडता परत करायचे. “खिडकी माझ्याशी बोलेल,” असं म्हणून गळ्यात टेप टाकायचे आणि त्याच्या घरी निघायचे.

अशा माणसाला एका फोननं गाठलं.

झालं असं, की एका सकाळी स्टुलावरून उतरताना पडदेवाल्यांच्या उजव्या गुडघ्यात कळ आली. ही गोष्ट त्यांनी फक्त बायकोला सांगितली, तीही स्वयंपाकघरात, भांड्यांच्या आवाजात. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा त्यांचा धंद्यातलाही नियम होता आणि घरातलाही. आणि दुपारी फोन उघडतात तो काय, जाहिरातीत एक पांढऱ्या केसांचा माणूस गुडघा धरून बसलेला, शेजारी तेलाची बाटली.

पडदेवाले तडक शेजारच्या कुलूपवाल्याकडे गेले. फोन त्यांनी जाड मखमलीत गुंडाळून दुकानातच ठेवला होता.

“तो ऐकतो,” ते हळूच म्हणाले.

“कोण?”

“फोन. माझ्या गुडघ्याचं माझ्या सख्ख्या बहिणीला माहीत नाही. त्याला माहीत आहे.”

कुलूपवाल्यानं हातातल्या किल्लीवर कानस फिरवत विचार केला. “कुलूप हे सभ्य माणसासाठी असतं,” तो म्हणाला. “चोराला ते नुसतं पत्ता सांगतं. फेकून द्या तो.”

फेकणं शक्य नव्हतं. परगावची लेक त्याच फोनवर भेटायची. फोन तिनंच घेऊन दिला होता, एक बापाला आणि एक आईला, आणि दोन्ही स्वतः चालू करून दिले होते. पडदेवाले परत येऊन कापायच्या टेबलाशी बसले आणि त्यांना सुचलं. खिडकी बुजवता येत नसली की माणूस काय करतो? पडदा लावतो. मग बाहेरच्याला घर दिसत नाही, पडद्यावरची फुलं दिसतात. ऐकायचंय ना याला? ऐक. पण मी ऐकवीन ते ऐक.

म्हणजे रोज सकाळी फोनशी खोटं बोलायचं. आपल्या आयुष्यापासून जास्तीत जास्त लांबची गोष्ट घ्यायची आणि ती याच्या गळी उतरवायची. पडदेवाल्यांनी होडी निवडली. शिडाची होडी. त्यांच्या गावापासून समुद्र इतका दूर होता, की तो फक्त नकाशात आणि दंतकथेत असावा असं मुलांना वाटायचं. शिवाय बागेतल्या झोपाळ्यावर दोन झोके घेतले तरी पडदेवाल्यांच्या पोटात ढवळायचं. हे गुपित तर फक्त बायकोकडे होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याआधी त्यांनी फोन टेबलावर ठेवला. बोलून शोधायचं जे माइकचं चिन्ह असतं, त्यावर बोट दाबलं. चोरून ऐकणाऱ्याला चोरूनच का ऐकू द्यायचं? समोर बसून ऐक म्हणावं.

“मला एक होडी घ्यायची आहे,” ते खणखणीत आवाजात म्हणाले.

फोननं होड्या आणल्या. पडदेवाले मनातल्या मनात पोट धरून हसले. तेलाची बाटली आठवडाभरात दिसेनाशी झाली.

पण काय आहे, कारागिराला खोटंसुद्धा कच्च्या टाक्याचं चालत नाही. नुसती होडी म्हटल्यावर पुढचे प्रश्न आलेच. केवढी? कसलं शीड? पडदेवाले त्यात उतरत गेले. सकाळचं ऊन तेव्हा दुकानात तिरपं यायचं आणि नमुन्याला टांगलेल्या निळ्या, हिरव्या, पांढऱ्या पडद्यांतून गाळून खाली पडायचं. जुना पंखा सुरू केला की सगळे पडदे एकदम पोटातून फुगायचे आणि परत बसायचे. शिवणयंत्र, कात्री, गजांचे जुडगे सगळं त्या हलत्या उजेडात तरंगायला लागायचं. टेबलाच्या कडेला हात टेकून पडदेवाले उभे राहत, आणि थोड्या वेळानं त्यांच्या पायाखालची फरशीसुद्धा जरा सावकाश श्वास घेतेय असं वाटायचं. गंमत म्हणजे तेव्हा त्यांच्या पोटात अजिबात ढवळत नसे.

“होडी मोठी नको,” ते फोनला सांगायचे. “दोघांना पुरेल एवढी. एकच खोली असली तरी चालेल. शीड मी स्वतः शिवीन. शीड म्हणजे तरी काय, घर सोडून निघालेला पडदाच. जन्मभर मी पडदे शिवले ते वारा अडवायला. एकदा असा शिवायचाय, जो वारा घेऊन जाईल. ती पुढे बसेल. तिला समोरचं दिसायला हवं. मी मागे बसेन.”

असं बोलून झालं की ते भानावर यायचे, घसा साफ करायचे आणि शटर वर करायचे.

आता पडदेवाल्यांना माहीत नसलेली एक गोष्ट तुमच्या कानावर घालतो. दुकानाच्या बरोबर वर त्यांचं स्वयंपाकघर. जमिनीत जुन्या नळाचं भोक होतं. नळ काढला, भोक बुजवायचं राहिलं. दुनियेच्या खिडक्या झाकणाऱ्या माणसाच्या घरातलं एवढं एक भोक उघडं! भिंतींना कान असतात म्हणतात. इथे तर जमिनीला होता, आणि त्या कानाशी चहाचा कप हातात धरून बायको रोज उभी असायची.

लग्न झालं तेव्हा या बाईनं नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. समुद्र दाखवा. “दाखवतो की. हातातल्या ऑर्डरी संपल्या की निघू,” तो म्हणाला होता. ऑर्डरी कधी संपल्या नाहीत. गावात नवी घरं उठत राहिली आणि प्रत्येक घराला खिडक्या असतातच. मग केव्हातरी तिनं विचारणं सोडून दिलं. भांडली नाही, रुसली नाही. खाली बसून पडद्यांची दुमड घालत राहिली. आणि आता खालून आवाज येत होता, ती पुढे बसेल, तिला समोरचं दिसायला हवं. तिचा चहा रोज गार व्हायचा.

तिनं नवऱ्याला काही विचारलं नाही. तयारीला लागली.

“केस ओले कसे?” एका दुपारी पडदेवाल्यांनी विचारलं.

“धुतले.”

“कालच धुतलेस ना?”

“मग आज परत धुतले.”

तिच्या अंगाला दवाखान्यासारखा काहीतरी वास येत होता. पण पडदेवाल्यांचं तिकडे लक्ष नव्हतं, कारण फोननं नवाच ताल धरला होता. ते हसत हसत कुलूपवाल्याकडे गेले.

“बघा, पार वेडा करून सोडलाय मी याला. काय दाखवतोय बघा. पोहायचा चष्मा. ‘पोहायला शिका, वयाची अट नाही.’ आणि हे तर बघा, बायकांचे पोहायचे कपडे. मला! आणि हे काय, ‘दुकान भाड्यानं देताना घ्यायची काळजी.’ याला वाटतं मी दुकान भाड्यानं देतोय.”

कुलूपवाल्याला ठसका लागला. तो पाणी प्यायला आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. फोनला आपण पुरतं चकवलं, या आनंदात पडदेवाले शीळ घालत परतले.

त्यानंतरच्या आठवड्यात ते एका घरचं माप घेऊन आले, तर त्यांच्याच दुकानात कुलूपवाला भिंतीला टेप लावून उभा. पडदेवाल्यांच्या दुकानात दुसऱ्या कुणी टेप उघडावा, हे आजवर झालं नव्हतं.

“ढिला धरलायत,” पडदेवाले आधी म्हणाले. राहवलंच नाही त्यांना. “वरून खाली घ्या. हां. आता काय आलं?” माप सांगून झाल्यावर त्यांना दुसरा प्रश्न सुचला. “पण माझी भिंत कशाला मोजताय?”

“फळ्या बसवायला. किल्ल्यांसाठी.” कुलूपवाला अवघडून म्हणाला. “वहिनी म्हणाल्या, आधी बघून ठेवा. तुम्ही निघालात की गडबड नको.”

“कुठे निघालोय मी?”

तेवढ्यात बायको दारात आली. केस ओले, खांद्यावर पिशवी, आणि चेहऱ्यावर असलं काही की पडदेवाले बघतच राहिले. असं त्यांनी तिला कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं.

“आज मी तलावात हात न धरता पलीकडे गेले,” ती म्हणाली. “धाप लागली, पण गेले. म्हटलं, पाण्यावर राहायचं तर पोहता यायला हवं. आता सांगा, कधी निघायचं?”

“माझं दुकान उघडंच राहिलंय,” असं म्हणून कुलूपवाला सटकला. जाताना टेप विसरला.

पडदेवाल्यांना एकेक टाका दिसायला लागला. ओले केस. पोहायचा चष्मा. दुकानाचं भाडं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुकान जाईल ही भीती तर होतीच. या चार भिंतींबाहेर आपण कोण, हेही त्यांना माहीत नव्हतं. पण त्याहून मोठी भीती समोर ओल्या केसांनी उभी होती. हिला आता खरं कसं सांगायचं?

त्यांनी सांगितलं. खाली बघत, टेपची गुंडाळी करत, गुडघ्यापासून होडीपर्यंत सगळं सांगितलं.

बायको कापडाच्या गठ्ठ्यावर बसली.

“म्हणजे होडी नाही.”

“नाही.”

“आणि शीड? घर सोडून निघालेला पडदा?”

“ते आपलं फोनला सांगत होतो.”

पंखा चालू होता आणि निळा पडदा तिच्या खांद्याला लागून मागे जात होता.

“माझ्याही फोनवर होड्याच येत होत्या,” ती म्हणाली. “मला वाटलं, तुम्हीच पाठवताय. तुम्हाला कधी तोंडावर गोड बोलता आलं नाही. म्हटलं, फोनच्या आडून का होईना, मला ऐकू यावं म्हणून मोठ्यानं बोलतात. इतकी वर्षं एका घरात राहतोय. एवढं तुम्ही माझ्याशी कधी बोलला नाहीत हो.”

आणि ती वर गेली. पडदेवाल्यांना इतकी लाज वाटली, की त्या दिवशी त्यांनी शिवलेला पडदा एका बाजूनं चार बोटं आखूड निघाला.

दुसऱ्या सकाळी ते टेबलाशी बसले, पण माइक दाबला नाही. बोलायला खोटं उरलं नव्हतं, आणि जे बोलत होते ते खोटं होतं का, हेही त्यांना रात्रभर नीट कळलं नव्हतं. वरूनही कपाचा आवाज येत नव्हता. फोन आपला आपण उजळला. ‘होडीच्या खिडक्यांसाठी शिवलेले पडदे! माप कळवा, घरपोच मिळवा.’

पडदेवाल्यांनी चष्मा लावून चित्र बघितलं, मोठं करून बघितलं, आणि त्यांचा पारा चढला.

“अगं, खाली ये,” त्यांनी हाक मारली. “हे बघ काय शिवलंय. चुण्या सारख्या नाहीत. आणि खिडकी गोल आहे! गोल खिडकीचं माप म्हणे फोनवर कळवा.”

बायको दोन पायऱ्या उतरून थांबली. “मग कसं घ्यायचं?”

“कसं म्हणजे? जाऊन. होडीत उतरून.”

हे तोंडातून गेलं आणि आपण काय बोललो ते पडदेवाल्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी फोन उचलला, मखमलीत गुंडाळला, कड्यांच्या डब्यात घातला, झाकण लावलं, आणि तिच्याकडे बघून, कानापर्यंत लाल होत म्हणाले, “मला समुद्र बघायचाय. तुझ्याबरोबर. माप एक निमित्त.”

“हे फोनला सांगताय की मला?”

“तुला.”

“मग परत एकदा सांगा,” ती म्हणाली. “डब्याचं झाकण नीट लागलंय ना?”

त्यांनी परत सांगितलं. दुसऱ्यांदा जरा बरं जमलं.

ऑर्डरी तशाच राहिल्या. दुकानाची किल्ली कुलूपवाल्याकडे राखणीला गेली; फळ्यांचं बारगळलं म्हणून तो थोडा हिरमुसला, पण त्याला त्याचा टेप परत मिळाला. निघायच्या दिवशी पडदेवाल्यांनी लेकीला कळवण्यासाठी म्हणून फोन डब्यातून काढला आणि ते जागच्या जागी थिजले. फोनच्या पडद्यावर एक हिरवट चेहऱ्याचा माणूस होडीचा कठडा धरून वाकला होता. ‘प्रवासात मळमळतं? आमच्या गोळ्या घ्या!’

“हे मी कुणाला बोललेलो नाही,” ते कुजबुजले. “झोपाळ्याचं तुझ्याखेरीज कुणाला माहीत नाही. डब्यातूनसुद्धा ऐकतो तो.”

“मीच विचारलं त्याला, तुमच्यासाठी गोळी कुठली चांगली,” बायको बॅगेची चेन ओढत म्हणाली. “काल लेकीशी बोलले. तिनं दोन्ही फोन एकाच खात्यावर घातलेत म्हणे. मी शोधलं की तुमच्याकडे उगवतं, तुम्ही शोधलं की माझ्याकडे.”

पडदेवाले हळूहळू खुर्चीवर टेकले.

“आणि ते गुडघ्याचं तेल?”

“पायरी पायरीवर थांबत होतात. मग तेल शोधायला नको? तो कशाला ऐकतोय तुमचं. इथे मी ऐकते तेवढं पुरे आहे.”

पडदेवाल्यांना पुष्कळ काही म्हणावंसं वाटलं. सरावच नसल्यामुळे त्यांनी भलतंच विचारलं.

“म्हणजे ते... बायकांचे पोहायचे कपडे?”

“बॅगेत आहेत,” ती म्हणाली. “गोळ्या वरच्या कप्प्यात. उठा आता.”

पडदेवाल्यांनी गळ्यात टेप अडकवला आणि निमूटपणे एक गोळी तोंडात टाकली. गाडी यायला अजून तास होता, पण त्यांना आत्ताच लागायला लागली होती.